दिवाल्याच्या एकतीस कांड्या

मोलगीच्या बाजारात जाऊन तुम्ही दिवाल्या वसावेचं घर विचारलंत, तर लोक तुमच्या तोंडाकडे बघत राहतील. या डोंगरात दिवाल्या पन्नास आणि वसावे पाचशे. पण 'धूरवाला दाक्तर कुठे राहतो?' म्हणा, की शेंबडं पोरही बोट दाखवील. खरं तर तो दाक्तर नाही. आश्रमशाळेत दहावी झाला, तीन महिन्यांचं प्रशिक्षण घेतलं आणि गेली बावीस वर्षं पाड्यापाड्यावर जाऊन गाई भरवतो. त्याच्या फटफटीला मागे गोणपाटात गुंडाळलेला तीन लिटरचा एक डबा बांधलेला असतो. डब्यात असतं नत्र, म्हणजे तुमच्या-आमच्या हवेतलाच नायट्रोजन, पण इतका गार केलेला की पाण्यासारखा ओतता यावा. त्यात बुडवून ठेवलेल्या असतात वळूच्या वीर्याच्या कांड्या, पेन्सिलीएवढ्या लांब आणि काडीएवढ्या बारीक. बुच काढलं की डब्यातून पांढरा धूर उसळतो, म्हणून हे नाव पडलं.

सुरुवातीला लोकांनी त्याची काय टर उडवली होती! "बैल कुठाय रे दिवाल्या?" "डब्यात." "आणि शिंगं? ती काय घरी ठेवून आला?" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मग डब्यातल्या बैलाची पहिली कालवड पायावर उभी राहिली, दूध देऊ लागली, आणि हसणारेच पहाटे दार वाजवायला लागले. डोंगरात अहो-जाहो नसतं. लहानथोर सगळे त्याला अरेतुरेच करतात. पण गाय माजावर आली की त्याच 'अरे'मध्ये केवढं आर्जव असतं ते ऐकायला पाहिजे.

या दिवाल्याची थोरली पोरगी सुनिता. नंदुरबारला शिकली, मग जळगावला, आणि आता पाच वर्षं मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत संशोधन करत होती. ते संपलं की तिच्या नावामागे डॉक्टर लागणार होतं. दिवाल्याने ही गोष्ट मोलगीत सांगायची एक व्यक्ती सोडली नव्हती. "मी खोटा दाक्तर, माझी पोर खरी होणार," हे वाक्य त्याच्या बायकोला, गुलाबबाईला, इतकं पाठ झालं होतं की तो तोंड उघडायच्या आत तीच म्हणून टाकायची.

त्या साली होळीला सुनिता घरी आली. सोमवारी तिचा पेपर परदेशातल्या मासिकाकडे जायचा होता. तो छापून आला की डिग्री पक्की. असं सगळं जुळून आलेलं, आणि पोरीच्या तोंडावर मात्र ना हसू ना काही.

संध्याकाळी जेवताना दिवाल्याने विचारलं, "तू करतेस तरी काय तिथे? मला समजेल असं सांग." बापलेकीचं बोलणं अर्थात भिलीत. इथे मराठीत सांगताना त्याची गोडी थोडी कमी होणार, त्याला इलाज नाही.

"एक तार असते," सुनिता म्हणाली. "केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढी बारीक. मोबाईलच्या आतल्या चिपा असतात ना, त्या जातीचा पदार्थ. वीज जाऊ देतो, पण अडखळत. त्या तारेच्या एका अंगाला आम्ही ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवतो आणि दोघांना मिळून गार करतो. फार गार झालं की ॲल्युमिनियममधून वीज बिनअडथळा वाहते. घासणं नाही, तापणं नाही. विजेचे कण जोडीजोडीने चालायला लागतात."

"आणि तार?"

"तार एकटी असती तर कितीही गार केली तरी तिला ते जमलं नसतं. पण ॲल्युमिनियमला अंग चिकटलेलं आहे ना, तर त्या जोड्या तारेतही उतरतात. तीही तशीच वागायला लागते."

दिवाल्याने मांडीवर थाप मारली. "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला!"

"अगदी तेच, बा." सुनिताला हसू आलं. "म्हणून त्याला संकरित म्हणतात."

"मग आधी नाही का सांगायचं? तारांचं रेतन करते म्हण ना!"

गुलाबबाईने भाकरी थापता थापता कपाळाला हात लावला. "याला सगळीकडे गाईच दिसतात."

"किती गार करता पण?" दिवाल्याने ऐटीत विचारलं. गारव्याच्या बाबतीत सातपुड्यात आपल्यावर कोणी नाही, असा त्याचा बावीस वर्षांचा समज.

"तुझं नत्र तिथे तापल्या तव्यासारखं."

हे त्याला थोडं लागलंच. पण मुलगी होती म्हणून गिळलं. "बरं. आणि मग काय शोधता?"

"तारेच्या दोन टोकांना एकाच वेळी एक खूण दिसायला हवी. आलेखाच्या मधोमध एक शिखर. ती खरी असेल तर तिच्यातून सहजासहजी न चुकणारा संगणक बनवता येईल असं म्हणतात. जगभर लोक मागे लागलेत."

"तुला दिसली?"

"दिसली," सुनिता म्हणाली. तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवून दिला. आता बावीस वर्षं मुक्या जनावरांच्या तोंडाकडे बघून ज्याने पोट भरलंय, त्याला एवढं कळणार नाही का? दिवाल्याला कळलं की काहीतरी दुखतंय. पण कुठे, ते कळलं नाही.

जेवण झाल्यावर सुनिताने पिशवीतून एक काळी वडी काढली, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी. "ही तुझ्यासाठी आणलीय बा, दाखवायला. सरांना विचारून आणलीय, परत न्यायचीय. ही दुसऱ्या जातीची आहे, हिला तुझं नत्र पुरतं." तिने वडी स्टीलच्या थाळीत ठेवली आणि डब्यातलं वाटीभर नत्र वर ओतायला सांगितलं. धूर झाला, चरचर झाली. मग तिने बोटाच्या पेराएवढा चुंबक वडीच्या वर सोडला, आणि तो अधांतरी राहिला. खाली काही नाही, वर काही नाही. दिवाल्याने मधून कागद फिरवून बघितला. चुंबकाला टिचकी मारली तर तो जागच्या जागी गरगर फिरायला लागला.

"याहामोगी!" गुलाबबाईच्या तोंडून देवीचं नाव निघालं. दिवाल्या मात्र डब्याकडे बघत राहिला. बावीस वर्षं हे नत्र पाठीशी बांधून हिंडलो, आणि ते असलं काही करू शकतं हे आपल्याला ठाऊकच नव्हतं! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायची त्याने तसदीही घेतली नाही.

इथपर्यंत ठीक होतं. घोटाळा झाला दुसऱ्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी मोलगीचा आठवडी बाजार. होळीसाठी गुजरातेतून कामावरून परतलेली माणसं, नवे सदरे, चांदीचे दागिने, ढोल, नुसती झुंबड. दिवाल्या डबा, थाळी आणि पोरगी, तिन्ही घेऊन बाजारात हजर. चहाच्या टपरीपुढे त्याने बाकडं मांडलं आणि ओरडला, "या रे या, माझ्या पोरीची विद्या बघा!" बापाची छाती फुगली की डोक्यातली हवा तिकडे जाते, हे काही मोलगीपुरतंच खरं नाही.

पहिल्यांदा चुंबक तरंगला तेव्हा वीस माणसं होती. दुसऱ्यांदा साठ. मग कोणाची सासू मागे राहिली, कोणाचा भाऊ आत्ताच जीपमधून उतरला. "दिवाल्या, एकदा अजून!" आणि दिवाल्या ओततोय. सुनिता दोनदा म्हणाली, "बा, पुरे. कांड्या आहेत डब्यात." गुलाबबाई म्हणाली, "गाई काय थाळीतल्या नत्राने भरवशील?" तर हा बहाद्दर म्हणतो कसा, "परवा अक्कलकुव्याला नत्राची गाडी येतेच आहे. चार बोटं राहिलंय, दोन दिवस सहज निघतात." त्यावर आणखी दोनदा ओतलं. शेवटी दोन बोटं उरलं. आणि त्या गडबडीत डब्याचं बुच नीट बसलं नाही, तिरकंच राहिलं. ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पहाटे कालीबाई आली. मोहाची फुलं वेचायला निघाली होती, रिकामी टोपली कमरेवर तशीच होती. पाड्याच्या वरच्या अंगाला एकटी राहणारी ही बाई, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, आणि तिचं सगळं जग म्हणजे तिची रातडी, एक तांबडी गाय. दोनदा दिवाल्याने रातडीला भरवली होती आणि दोन्ही वेळा ती उलटली होती. गाय गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की तिला उलटली म्हणतात. तिसऱ्यांदा उलटली तर विकून टाकीन, असं कालीबाई म्हणून चुकली होती. म्हणताना तिचा आवाज कसा झाला होता ते दिवाल्या विसरला नव्हता.

"हंबरायला लागलीय," कालीबाई म्हणाली. "पहाटेपासून. चल."

दिवाल्याने डबा उघडला; बुच तिरकं बसलेलं होतं. धूर आला नाही. त्याने लाकडी पट्टी आत घातली, थोडं थांबला आणि बाहेर काढली. नत्र जिथपर्यंत असेल तिथपर्यंत पट्टीवर पांढरं हिव धरतं. पट्टी कोरडी होती. त्याने पुन्हा घातली. पुन्हा कोरडी.

आता ऐका, इथे खरी गोम आहे. नत्र संपलं म्हणजे कांड्या लगेच मरतात असं नाही. डब्यात गारवा काही वेळ टिकतो. नत्र मध्यरात्री संपलं की आत्ता, कोणाला ठाऊक? आणि मेलेली कांडी जिवंत कांडीसारखीच दिसते. तोच रंग, तेच अक्षर, तोच वळूचा नंबर. ती भरली तर आज काही कळत नाही. एकवीस दिवसांनी गाय उलटते, आणि लोक म्हणतात, गाईतच खोट आहे. एकूण एकतीस कांड्या होत्या. पावसाळ्यापर्यंतची त्याची सगळी बेगमी.

कालीबाई दारात उभी. सुनिता चुलीपाशी. दिवाल्याच्या हातात पट्टी.

"काय झालं रे?"

"कालीबाई," तो म्हणाला, "या कांड्या जिवंत आहेत की मेल्या, मला सांगता येत नाही. काल बाजारात मी नत्र उधळलं. ही कांडी मी तुझ्या गाईला घालणार नाही."

कालीबाईने टोपली खाली ठेवली आणि जे तोंड सोडलं! खेळ करत होतास का बाजारात? पोरीची विद्या दाखवत होतास? माझ्या गाईचा माज काय तुझ्या गाडीची वाट बघत उद्यापर्यंत थांबणार आहे? सगळा पाडा गोळा झाला. दिवाल्या मान खाली घालून उभा. त्याने एकदाही म्हटलं नाही की बुच तिरकं राहिलं होतं, की लोकांनीच आग्रह केला. ती दमल्यावर एवढंच म्हणाला, "पहाटे माजावर आली तर संध्याकाळपर्यंत वेळ असतो. मी दिवस मावळायच्या आत नवी कांडी आणतो. नाही आणली तर मला या पाड्यात दाक्तर म्हणू नको."

"आत्ताही नाही म्हणत मी," कालीबाई फणकारली आणि टोपली उचलून चालू लागली.

खापरला हेमकांत पाटील होता. हाही गाई भरवणाराच, पण सपाटीवरचा, दूध डेअरीशी जोडलेला, त्याच्याकडे मोठा डबा. दिवाल्याने फटफटी काढली. "मी येते," म्हणत सुनिता मागे बसली, जुन्या कांड्यांसकट डबा मांडीवर घेऊन. फटफटी देवगोईचा घाट उतरायला लागली. मग एका वळणावर सुनिताने बापाच्या पाठीला तोंड लावून सगळं ओकून टाकलं.

चाळीस तारा तपासल्या तिने, दोन वर्षांत. चाळिसाव्या तारेच्या एका टोकाला शिखर दिसलं. देखणं, अगदी पुस्तकातल्यासारखं. सरांनी सगळ्या प्रयोगशाळेला पेढे वाटले. मग एका दुपारी तिने एकटीने दुसरं टोक मोजलं. तिथे काहीच नव्हतं. सपाट. तारेत कुठेतरी थोडा कचरा असला, कुठे खाचखळगा असला, की एका टोकाला अगदी तसंच खोटं शिखर उभं राहतं, हे तिला माहीत होतं. सरांनी विचारलं, दुसऱ्या टोकाचं काय? ती म्हणाली, अजून मोजलं नाही. ती फाईल सहा आठवडे तिच्या लॅपटॉपमध्ये पडून होती. सोमवारी पेपर जाणार होता.

"खरं आणि खोटं, दोन्ही सारखंच दिसतं, बा," ती म्हणाली. "मी बोलले तर दोन वर्षं पाण्यात. नाही बोलले तर..."

आता तुम्हाला वाटेल, मघाशी पाड्यापुढे मान खाली घालून खरं बोलणारा हा माणूस पोरीला काहीतरी थोर सांगेल. छे! बाप तो बाप. त्याच्या डोळ्यांपुढे आलं ते मोलगीचं बाजारातलं बाकडं, ती साठ माणसं, आणि 'माझी पोर खरी दाक्तर होणार' हे शंभरदा बोललेलं वाक्य. आणि त्याहून जास्त म्हणजे, आश्रमशाळेत सुट्टी संपली की त्याच्या पायाला मिठी मारून रडणारी सात वर्षांची सुनिता. तेव्हापासून घर सोडून शिकलेली पोर.

"तू गप्प बस," तो म्हणाला. "पेपर जाऊ दे. कोणाला कळणार आहे?"

पाठीमागे सुनिताने डबा घट्ट धरला, दिवाल्याला तो कमरेत टोचत राहिला.

खापरला हेमकांत ओट्यावरच बसला होता. दिवाल्याने घडलं ते सांगितलं. नत्र देतो म्हणाला, गीर वळूच्या दोन कांड्याही देतो म्हणाला, मन मोठं होतं त्याचं. मग जुन्या कांड्यांचा जुडगा हातात घेऊन त्याने मोजला आणि डोळे मोठे करून आपल्या अहिराणीत म्हणाला,

"एकतीस! आनि ह्या तू फेकी देस? येडा व्हयना का, भाऊ? वापरी टाक हळूहळू. गाय उलटनी तर उलटनी, गाया उलटतसच. कोनले समजाव शे?"

कोणाला कळणार आहे.

दिवाल्याने वर बघितलं. सुनिता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि त्याच्याकडे बघत होती. रागाने नाही, टोमणा मारायचाय म्हणून नाही. बाप काय म्हणतो हे तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि दिवाल्याला भयंकर लाज वाटली. तासापूर्वी घाटात जे आपण पोरीला सांगितलं, तेच हा हेमकांत आपल्याला सांगतोय. तोही वाईट माणूस नाही. तोही मायेनेच सांगतोय.

"हेमकांत भाऊ," तो म्हणाला, "गरम पानी शे का?"

हेमकांतला वाटलं चहाचं विचारतोय. आतून पातेलं आलं, वाफ निघणारं. दिवाल्याने जुडगा सोडला आणि सगळ्या एकतीस कांड्या त्या कढत पाण्यात टाकल्या. एकतीसच्या एकतीस. आता त्या नक्की मेल्या. आता मोह व्हायचं कारणच राहिलं नाही, उद्या नाही, पावसाळ्यात हात आखडला तरी नाही.

"अरे देवा," हेमकांत हळूच म्हणाला. मग आत गेला आणि दोनच्या ऐवजी सहा कांड्या काढून दिल्या. "चालता व्हय आते. सांज व्हई जाई."

घाट चढताना ऊन कलायला लागलं होतं. अर्ध्या चढावर एक वळण आहे, तिथे फोनला हमखास रेंज येते. जीपवाले तिथे थांबून घरी फोन करतात. सुनिता म्हणाली, "बा, थांब."

तो थांबला. ती थोडी पुढे जाऊन दगडावर बसली. दिवाल्या डबा छातीशी धरून फटफटीपाशी उभा राहिला. पोरीपेक्षा नत्र सांडायचीच जास्त काळजी असल्यासारखा. वाऱ्यावर एवढंच ऐकू आलं, "सर, दुसरं टोक मी मोजलंय. सहा आठवडे झाले. तिथे काही नाही." पुढचं ऐकू आलं नाही. ती बराच वेळ नुसती ऐकत होती. मग तिने डोळे पुसले. मग मान हलवली. दिवाल्याला वाटलं, जावं आणि फोन हिसकावून त्या सरांना सांगावं की ही पोर सुट्टी संपली की नऊ मैल चालत आश्रमशाळेत जायची. पण तो गेला नाही.

ती परत आली. "चिडले. सहा आठवडे का लपवलंस म्हणाले. पेपर थांबवतायत."

"आणि?"

"आणि म्हणाले, फाईल आत्ताच्या आत्ता पाठव. एकाच टोकाला असं का दिसतं, हेच आता नीट शोधून काढ. दुसरेही फसत असतील, त्यांना उपयोग होईल."

"मग दाक्तर?"

"एक वर्ष अजून, बा. कदाचित दीड."

दिवाल्याने बोटं मोजली. गाय भरवण्यापासून वासरू पायावर उभं राहून दूध सुरळीत होईपर्यंत. "म्हणजे गाईचं एक वेत," तो म्हणाला. "एवढंच ना! मी घाबरलो होतो." आणि मग, फटफटीला किक मारता मारता, तिच्याकडे न बघता म्हणाला, "सकाळी मी जे बोललो ना, ते विसर."

"काय बोलला होतास?"

"विसरलीस ते बरं झालं."

सुनिताने मागून त्याच्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि घाट संपेपर्यंत उचललं नाही.

दिवस मावळायला हातभर असताना ते कालीबाईच्या खोपीपाशी पोचले. कालीबाईने पाणी कोमट करून ठेवलं होतं. दिवाल्याने नवी कांडी चिमट्याने काढली, अर्धा मिनिट पाण्यात धरली, पुसली आणि रातडीला भरवली. सुनिता गाईच्या मानेला खाजवत उभी होती. निघताना कालीबाई तिला म्हणाली, "तुझा तो तरंगणारा दगड मी पाहिलाच नाही. सगळ्या गावाने पाहिला." सुनिता म्हणाली, "पुढच्या होळीला फक्त तुझ्यासाठी." "नत्र घेऊन ये मग तुझं तू," कालीबाई म्हणाली. "तुझ्या बापाचं नको."

सुनिता मुंबईला गेली. मोलगीच्या बाजारात लोक विचारायचे, "काय रे, झाली का पोरगी दाक्तर?" दिवाल्या म्हणायचा, "नाही अजून. तिचं एक शिखर खोटं निघालं. तिनेच शोधून काढलं." लोकांना त्यातलं फारसं कळायचं नाही. त्याला ते वाक्य मात्र जुन्या वाक्यापेक्षा म्हणायला बरं वाटायला लागलं. गुलाबबाईला तेही पाठ झालं.

तीन महिने पुरे झाले. मधे एकवीस दिवस गेले, मग बेचाळीस, आणि रातडी काही हंबरली नव्हती. पण दोनदा तोंड पोळलेलं, म्हणून कालीबाई कोणाजवळ अवाक्षर काढत नव्हती. दिवाल्या तपासायला आला. हातमोजा चढवून कोपरापर्यंत हात आत घातला आणि डोळे मिटून उभा राहिला. तपासताना त्याचा चेहरा दगडासारखा होतो, ही त्याची जुनी खोड.

"बोल ना, मेल्या!" कालीबाई ओरडली.

"गाभण आहे."

कालीबाई रडली की हसली कोण जाणे, तोंड तर दोन्ही हातांनी झाकलेलं होतं. मग आत गेली, मोहाच्या दारूची वाटी घेऊन आली, दोन थेंब आधी जमिनीवर सांडले, पूर्वजांच्या नावाने, आणि वाटी त्याच्या हातात दिली. "घे, दाक्तर."

दिवाल्या टेकडावर गेला, जिथे फोन लागतो तिथे. सुनिताने तिसऱ्या घंटेला उचलला. मागे कसलीतरी यंत्रं घरघरत होती.

"कालीबाईची रातडी राहिली!"

ती इतक्या मोठ्याने ओरडली की त्याने फोन कानापासून लांब धरला. गाय कशी दिसते, कालीबाई काय म्हणाली, सगळं विचारून झालं. मग त्याने विचारलं, "तुझं काय?"

"परवा नवी तार गार केली. या वेळी दोन्ही टोकं एकदमच मोजली."

"मग?"

"उलटली, बा."

दिवाल्याने टेकडावरून बघितलं. खाली रातडी रवंथ करत होती आणि कालीबाई उगाचच तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"वहीत लिहिलंस?"

"लिहिलं."

"दोन्ही टोकांचं?"

"दोन्ही टोकांचं."

"मग झालं तर," धूरवाला दाक्तर म्हणाला. "आता पुढची भर."